हरकत नाही

परवा माझ्या नातीला मी सापडले. तशी मी घरातच होते, विळीवर बसून नारळ खवत होते. पण तिला सापडले ती तिच्या मोबाइलमध्ये.

"आजी, ही तू?"

ती यंदा वकिलीच्या पहिल्या वर्षाला गेली आहे, त्यामुळे हल्ली तिला घरात सारखे पुरावे सापडतात. मी चष्मा लावून बघितलं. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या. पायऱ्यांवर एक बाई. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, आणि तोंडाला पावडर अशी, की बाई गिरणीतून दळण घेऊन थेट कोर्टात आली असावी. आभाळ गच्च भरलेलं, तरी कपाळावर गॉगल चढवलेला. समोर कुणीतरी धरलेला माईक. खाली लाल पट्टीत अक्षरं, 'रणरागिणी वकिलापुढे विरोधक गप्प!'

"काय बोललीयस गं आजी! भारी एकदम."

"बंद कर," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांब. परत लाव."

तिने परत लावलं. रणरागिणी हात नाचवून बोलत होती. तिच्या डाव्या खांद्यामागून एक उंच, किडकिडीत म्हातारा माणूस दारातून बाहेर आला. काखेत छत्री. पायरी उतरता उतरता त्याला कॅमेरा दिसला, आणि आपण मध्ये येऊ नये म्हणून तो कमरेत वाकला, भिंतीला लागून सरकत, बाजूच्या चिखलात पाय घालून निघून गेला.

"तो कोण, छत्रीवाला?" नातीने विचारलं.

तो छत्रीवाला म्हणजे भाई खवणेकर वकील. लाल पट्टीतला 'गप्प' विरोधक तोच. गेल्या श्रावणात भाई गेले. त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि त्यात वावगं काही नाही, कारण पेपरात नाव येऊ नये म्हणून ते जन्मभर असेच वाकून गेले. लिहायचं कुणी असेल तर मीच. तेही आता, जन्माची वकिली संपल्यावर.

मी वकिलीत आले ती अडतिसाव्या वर्षी. मुलं मोठी झाली, सासूबाईंनी "आता काय भजनात बसतलंस?" म्हणून टोचलं, त्या रागात मी वकील झाले. माझी पहिली केस एका माडाच्या झावळ्यांची होती. शेजाऱ्याच्या कौलांवर पडणाऱ्या झावळ्या. समोर भाई. मी आठ दिवस आरशासमोर बोलायची तयारी केली होती. उभी राहिले आणि घडघडा बोलत सुटले. पाच मिनिटांनी न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बाई, आपण वादीतर्फे आहात की प्रतिवादीतर्फे?"

माझ्या हातात फाइल भलतीच होती, भाईंची. मी शेजाऱ्याची बाजू मांडत होते.

मागे बाकांवर लोक खुसखुसायला लागले. तेवढ्यात भाई उठले. कोर्टात ते छापील मराठी बोलत. "साहेब, माझ्या विद्वान मित्रांना बहुधा असं म्हणायचं आहे, की समोरच्यांची बाजू ही एवढीच आहे आणि ती टिकणारी नाही. आता त्या आपली बाजू मांडतील." आणि बसता बसता माझी खरी फाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मग मी बोलले. मग ते उठले, आणि दहा मिनिटांत त्यांनी माझ्या झावळ्यांचं पार खराट्यात रूपांतर केलं. हरले मी. पण मी मुळात भलतीच बाजू मांडत होते हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात पाऊल टाकलं की भाईंची छापील मराठी कोटाबरोबर खुंटीला. "बाय गो," मला म्हणाले, "पुढच्या वेळेक फायलीर मोठ्या अक्षरात नाव लिव. आणि अक्षर जरा सुधार. कोंबडी नाचल्यासारख्या लिवतंस."

"आणि मला मित्र काय म्हणता सारखं? मी बाई आहे."

"मैत्रीण म्हटलंय तर घराक जेवण मिळाचा नाय."

हा 'विद्वान मित्र' भाईंच्या तोंडी शोभेचा नव्हता. समोरच्या वकिलाला ते खरोखरच पाहुण्यासारखं वागवत. एकदा त्यांच्याविरुद्ध मालवणचे एक वकील होते. वाटेत एस.टी. बंद पडली. पुकारा झाला. वकील हजर नाहीत. समोरचा वकील नसला की साक्षीदाराची उलटतपासणी 'नाही' म्हणून नोंदवून घेता येते, आणि केस निम्मी जिंकल्यात जमा होते. भाईंच्या अशिलाला ते माहीत होतं. तो डोळ्यांनी खुणा करत होता. भाई उठले आणि आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारायला लागले. साक्षीदार ऐंशीचा, कुणकेश्वरकडचा बागायतदार. बागेत कलमं किती? कुठल्या साली लावली? आंबा लागायला किती वर्षं गेली? पहिल्या वर्षीचे आंबे कुणाकडे पाठवले? म्हाताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी एवढं सविस्तर विचारत होतं. तो खुलला. प्रत्येक कलमाचं बारसं त्याने कोर्टात घातलं. साहेबांना सगळं समजत होतं. त्यांनी पेन खाली ठेवून खुर्चीत पाठ टेकली आणि म्हणाले, "चालू द्या." पाऊण तासाने मालवणकर वकील घामाघूम होऊन दारात उभे राहिले. भाई म्हणाले, "माझे प्रश्न संपले, साहेब." आणि खाली बसले.

बाहेर अशील त्यांच्या अंगावर आला. "भाई, तुमी माझे वकील की तेचे?"

"तुझो," भाई म्हणाले. "म्हणानच सांगतंय. तो नसताना जिंकलंस तर तो वरच्या कोर्टात जातलो, आणि परत पयल्यापासून सुरू होतला. तो असताना जिंक, मगे आरामात झोप."

ते पुढे जिंकलेही. पण भाई काही सगळं हिशेबाने करत नसत. ती त्यांची सवयच होती. समोरच्याने मुदतीचा अर्ज दिला की त्यावर दुसऱ्या बाजूने आपलं म्हणणं लिहायचं असतं. वकील त्यावर आडवे-तिडवे काहीही लिहितात. अर्ज खोटा आहे, वेळकाढू आहे, फेटाळावा. भाई खिशातलं शाईचं पेन काढत, बाजूला असेल त्याच्या कोटाच्या बाहीला चष्मा पुसत (स्वतःच्या कधीच नाही), अर्ज पूर्ण वाचत, आणि कारण खरं वाटलं की समासात दोन शब्द लिहीत, 'हरकत नाही.' खाली सही. ते अक्षर असं, की दगडावर कोरून ठेवावं. पुढेपुढे हे दोन शब्द त्यांच्या बोलण्यातच जाऊन बसले. चहा गार झालाय, हरकत नाही. छत्री कुणी नेली, हरकत नाही. त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, एकदा डब्यातल्या बांगड्याच्या तिखल्यात मीठ दोनदा घातलं. भाईंनी घास घेतला, डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "माझी हरकत नाय. तुझां म्हणणां काय?"

हा डबा आम्ही बाररूममध्ये बसून खात असू. सकाळी कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि दुपारी एका डब्यातून जेवायचं. लोकांना ते कळत नसे. एकदा माझी एक अशील दारातून डोकावली आणि तिने आम्हाला तसं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी तिला विकून आल्यासारखा भाव. भाई तिला म्हणाले, "बाय, तुमच्या भांडणाचे आमी वकील. वारस न्हय."

त्या वाक्यावर मी तेव्हा हसले होते. अजून बारा वर्षांनी तो भाव दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर यायचा होता, आणि तो आणणारी मीच असणार होते.

पेपराशी भाईंचं वाकडं नव्हतं. रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत. पण चालू खटल्याबद्दल कुणी विचारलं तर, "कोर्टात या, दार उघडां असता," एवढंच. मला म्हणत, "पेपरात निकाल आधी लागता गो, पुरावो मगे येता."

मला ते जुनाट वाटे. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते, आणि छप्पन्न हे अक्कल येण्यासाठी पुरेसं वय असतं असा माझा समज होता.

केस वाटेची होती. समुद्राच्या कडेला एक वाडी. तिथून खाली किनाऱ्यावर उतरणारी जांभ्या दगडांची पाखाडी. मासे विकणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर पाटी घेऊन त्या पायऱ्या चढत आणि सकाळच्या बाजाराला पोचत. ती पाखाडी ज्या आवारातून जायची ते आवार जयवंतराव नावाच्या गृहस्थांचं. जन्म बोटीवर काढून ते गावी परतले होते. पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि पाखाडीच्या तोंडाला लोखंडी फाटक लावलं. बायकांना डांबरी रस्त्याने मोठा वळसा पडायला लागला. बायकांची पुढारी पारूआते. साठीची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती माझी अशील. जयवंतरावांचे वकील भाई.

आता अशी केस म्हणजे माझ्यासारखीला जत्राच. तेव्हा मोबाइलवर बातम्या देणारे नवीन नवीन निघाले होते. त्यातला एक माईकवाला माझ्या मागे, आणि खरं सांगायचं तर मीच त्याच्या पुढे. तारखेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, बंद फाटकापुढे तुमचं एक घेऊ." गेले. गॉगल त्याच दिवशी घेतला. फाटकापुढे झालं, मग खाली वाळूत उभं राहून झालं. तिथे तो म्हणाला, "मॅडम, पिशवी फ्रेममध्ये येतेय." म्हणून मी खांद्यावरची पिशवी काढून एका पालथ्या होडीवर ठेवली, जन्मसिद्ध हक्क वगैरे बोलले, आणि रिक्षात बसून घरी आले. पिशवी होडीवर.

पिशवीत पारूआतेच्या घराचं जुनं खरेदीखत होतं, ज्याच्या चतुःसीमेत 'दक्षिणेस समुद्राकडे जाणारी पाखाडी' असं स्पष्ट लिहिलेलं. केसचा सगळा जीव त्या एका ओळीत, आणि अस्सल कागद. पारूआतेने ते ट्रंकेतून काढून मला देताना म्हटलं होतं, "बाईनू, ह्या जपा."

सकाळी कोर्टात पिशवी उघडायला गेले तेव्हा कळलं की पिशवीच नाही. अशिलाला सांगायची हिंमत नव्हती. मी भाईंना व्हरांड्याच्या टोकाला ओढलं आणि सगळं सांगितलं. गॉगलसकट.

भाई हसले नाहीत. "कागद गावतलो," म्हणाले. "नाय गावलो तर नक्कल काढूक येता. मुदतीचो अर्ज कर."

मी तिथेच कठड्यावर कागद ठेवून लिहायला लागले. 'अस्सल दस्तऐवज गहाळ झाल्यामुळे'. भाईंनी माझं पेन धरलं.

"ह्या लिवलंस तर कायमचा दप्तरात ऱ्हवतला. अशिलाचो कागद वकिलान हरवल्यान म्हणान. कारण लिव, वैयक्तिक."

मी लिहिलं. कारण वैयक्तिक. भाईंनी माझ्या कोटाच्या बाहीला चष्मा पुसला, अर्ज पूर्ण वाचला, आणि समासात लिहिलं, 'हरकत नाही.'

मग पेन खिशात लावता लावता हळू आवाजात म्हणाले, "आणि ऐक. पंधरा दिवस गावले ता बराच झाला. जयवंतरावाक मी वळवत आणलंय. फाटक काढूक तयार होयत. पण तू तोंड उघडू नको. माणूस मानी आसा. वाट देताना तेका 'मी दिली' असा वाटाक व्हया. 'काढून घेतली' असा न्हय. कळला?"

"कळलं," मी म्हटलं.

साहेबांनी पंधरा दिवसांची तारीख दिली. मी बाहेर आले. पायऱ्यांवर माईकवाला उभा होता.

"मॅडम, आज काय झालं?"

"आज मुदत दिली कोर्टाने," असं म्हणायचं होतं. चार शब्द. पण समोर माईक असला की माणसाचे चार शब्द चारच राहत नाहीत. मी गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाले ते माझी नात आज भारी म्हणते. "समोरच्यांनी आज माघार घेतली. आमच्या अर्जाला हरकत घ्यायचीसुद्धा त्यांच्या वकिलांची हिंमत झाली नाही! पंधरा दिवसांत हे फाटक निघतं की नाही बघाच!"

आणि त्याच वेळी माझ्या डाव्या खांद्यामागून भाई वाकून गेले. त्यांनी ऐकलं असणार. चार पावलांवर होते.

त्याच संध्याकाळी पारूआते माझी पिशवी घेऊन आली. होडीवर सापडली म्हणाली. खरेदीखताला बांगड्याचा वास येत होता, तेवढंच. मला एवढं हायसं वाटलं, की आपण सकाळी काय बोललो याचा विचारच डोक्यात आला नाही.

पण तोवर ते तालुकाभर गेलं होतं. जयवंतरावांनी ते जामसंड्याच्या सलूनमध्ये, तोंडाला साबण लावलेला असताना ऐकलं, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी ते बाररूममध्ये आले. आम्ही सातआठ वकील होतो. भाई खिडकीजवळ पेपर वाचत होते. मी दाराशी चहा पीत होते.

जयवंतराव आरडाओरडा करणारे नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "भाई, त्या बाईन मुदत मागितली. तुम्ही हरकत घेतली नाय. ती बाहेर जाऊन बोलली, की तुमची हिंमत झाली नाय. फाटक निघणार हे तिका आधीच कसा म्हायत? आणि तुम्ही दोघां एका डब्यात जेवतास, ह्या माका काल कळला."

त्यांच्या चेहऱ्यावर मी एकदा पाहिलेला तोच भाव.

"बाईंनी मुदत मागितली. मी दिली," भाई म्हणाले.

"कित्याक?"

भाईंनी पेपराची घडी घातली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांनी एकदा जरी बघितलं असतं तरी मला तोंड उघडावं लागलं असतं. बघितलं नाही ते त्यासाठीच.

"कारण अर्जात आसा. वैयक्तिक."

"कोणाचा वैयक्तिक? तुमचा?"

भाईंनी पेपराची घडी खिडकीत ठेवली.

मी बोलायला हवं होतं. 'जयवंतराव, कागद मी हरवला. यांनी मला वाचवलं. यांना कुणी विकत घेतलेलं नाही.' एवढंच. माझ्यापासून ते दहा पावलांवर उभे होते. पण मी काल रणरागिणी झाले होते. फोनवर फोन येत होते. आज उठून सांगायचं, की रणरागिणी पिशवी होडीवर विसरली? मी चहाचा घोट घेतला.

जयवंतरावांनी खिशातून नवीन वकिलाचं वकीलपत्र काढलं. जिल्ह्याच्या ठिकाणचा कुणी मोठा वकील केला होता. जुन्या वकिलाची संमती लागते. भाईंनी पेन काढलं. बाजूला कुणी नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चष्मा स्वतःच्या बाहीला पुसला. कागद पूर्ण वाचला. 'हरकत नाही.' खाली सही.

पुढचं लवकर सांगते, कारण ते लवकर झालं नाही. नवीन वकिलाने इंच इंच लढवला. फाटक पंधरा दिवसांत निघणार होतं, त्याला नऊ वर्षं लागली. निकाल आमच्या बाजूने लागला, आणि त्या दिवशीही माईक आले होते, पण मी मागच्या दाराने गेले. पारूआतेला घेऊन पाखाडीवर गेले. तिने पायऱ्या बघितल्या, मग आपले गुडघे बघितले. मासे विकणं तिने तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं.

"बाईनू," ती म्हणाली, "मोबायलात बऱ्या दिसला होतात. वाट तेवाच गावली असती तर उतरलंय तरी असतंय."

जयवंतराव तेव्हाच वळत आले होते, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. तरी तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

भाईंचं असं झालं, की कुणी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नाही, कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त अशिलं यायची कमी झाली. 'खवणेकर वकील चांगले हो, पण समोरच्याशी मिळतात,' एवढं वाक्य तालुक्याला पुरलं. ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना मानत होते, त्याच गोष्टीला लोक आता दुसरं नाव देत होते. चारेक वर्षांनी त्यांनी कोट खुंटीवरून काढून घरी नेला.

माझ्याशी ते तसेच बोलत. डबा मात्र नंतर त्यांनी आणला नाही. घरून जेवून येतो म्हणाले. मी एकदा माईकवाल्याला गाठून सांगितलं, की मला खुलासा द्यायचा आहे, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तो म्हणाला, "मॅडम, यात बातमी काय?" खरं सांगू? मला बरं वाटलं. प्रयत्न केल्याचं समाधान मिळालं, आणि खुलासाही करावा लागला नाही. माझ्या लबाडीची ही तऱ्हा मी नातीला शिकवणार नाही. तिला ती आपोआप येईल अशी भीती आहे.

मग भाई गेले त्याच वर्षीच्या मे महिन्यात कळलं, की त्यांना बरं नाही. मी हिरवा कोर्टाचा कागद आणला, आणि जन्मात लिहिला नव्हता एवढा मन लावून अर्ज लिहिला. वर कोर्ट फीचं पाच रुपयांचं तिकीटही चिकटवलं. म्हातारपणी माणसाने गंभीर व्हावं म्हणतात, मला जमत नाही. अर्जदार, सुमन, वय विचारू नये, धंदा पश्चात्ताप, राहणार जामसंडे. अर्जाचा विषय, विलंब माफीचा. मजकूर असा, की अर्जदाराने अमुक दिवशी बाररूममध्ये जे बोलायला हवं होतं ते बोलायला अर्जदारास अकरा वर्षं उशीर झाला आहे. पिशवी अर्जदाराने हरवली. जाब देणार, म्हणजे भाई, यांनी अर्जदारास वाचवले. हे अर्जदार आता कुठेही, कुणाहीपुढे सांगण्यास तयार आहे. तरी झालेला विलंब माफ व्हावा.

भाई घरापुढच्या खळ्यात मांडवाखाली आरामखुर्चीत होते. बाजूला चटईवर वहिनींनी आमसुलं वाळत घातली होती. भाई फार बारीक झाले होते. मी खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि अर्ज पुढे केला.

"ह्या काय गो?"

"वाचा."

त्यांनी चष्मा काढला, हात लांबवून माझ्या पदराला पुसला, आणि वाचायला लागले. पूर्ण वाचलं. 'धंदा पश्चात्ताप'ला हसले. मग खालपर्यंत गेले आणि परत वरपासून वाचलं. दुसऱ्यांदा हसले नाहीत.

"पेन आसा?"

दिलं. मी मनातल्या मनात ते दोन शब्द वाचून मोकळीसुद्धा झाले. त्यांनी समासात पेन टेकवलं. 'ह' काढला. 'ह' अजून तसाच, कोरल्यासारखा. मग पेन थांबलं. वहिनी आमसुलं उलटत होत्या, त्यांचाही हात थांबला. भाई त्या 'ह'कडे बघत राहिले. मग त्यावर एक बारीक, सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं,

'म्हणणे देण्यास मुदत मिळावी. कारण वैयक्तिक.'

"भाई," मी म्हटलं, "आयुष्यात कधी मुदत मागूक नाय तुमी."

"म्हणानच मागतंय," ते म्हणाले. "खोटां लिवची सवय नाय गो माका." मग कागद आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मुदतीचो अर्ज आसा. तुझां म्हणणां लिव."

मी कागद मांडीवर घेतला. त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'हरकत नाही.' सही केली, आणि कागद परत त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"अक्षर काय सुधारूक नाय गो तुझां," म्हणाले, आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.